तुम्ही विचारलंत म्हणून: मागवलं एक, आलं भलतंच

प्रश्न नेहमीचा आहे: "मागवलं एक, आलं दुसरंच, आणि साइटवर 'नो रिटर्न' लिहिलंय. पैसे बुडाले का?"

नाही बुडाले. 'नो रिटर्न' ही अट तुमचं मन बदललं तर चालते, विक्रेत्याच्या चुकीला नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 मधला सहावा नियम सांगतो की, वस्तू जाहिरातीतल्या किंवा ठरलेल्या वर्णनाशी जुळत नसेल, तर ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. सदोष आणि बनावट मालालाही हेच लागू आहे.

घोळ होतो तो रिटर्न टाकताना. घाईत "नको आहे" असं कारण निवडलं जातं. मग पिकअपला आलेला मुलगा मोबाइलवरचा फोटो आणि तुमच्या हातातली वस्तू ताडून बघतो. फोटोत मिक्सर, हातात हँड ब्लेंडर! तो रिकाम्या हाताने परत जातो आणि रिटर्न रद्द होतो. त्याचा दोष नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं. म्हणून "चुकीची वस्तू आली" हेच कारण निवडा आणि आलेल्या वस्तूचे फोटो जोडा. ती वापरू नका, टॅगही काढू नका.

खोका मात्र फेकू नका. लेबलवर एडब्ल्यूबी क्रमांक, म्हणजे कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर असतो, बऱ्याचदा वजनही. चार किलोच्या मिक्सरच्या खोक्यावर 600 ग्रॅम छापलेलं असेल, तर चूक माल पाठवतानाच झाली, असं ठामपणे मांडता येतं. वजन बरोबर आणि आत भलतंच असेल, तर वाटेत अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायला जागा आहे. खोका उघडतानाचा व्हिडिओ लेबलपासून सुरू करून एका दमात काढा. तो नसला म्हणून हक्क जात नाही, पण असला की वाद लवकर मिटतो.

ॲपवरच्या चॅटवर विसंबू नका. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे. त्यांना ईमेल करा. 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण व्हायला हवं. पैशांऐवजी कूपन देऊ केलं, तर माझ्या मते सरळ नाही म्हणा.

तरी हलले नाहीत तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे मध्यस्थी होते, आदेश निघत नाही. आदेश हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रारीत विक्रेता आणि साइट दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष करा. विक्रेत्याचं नाव-पत्ता बिलावर असतो. ते बिल आजच डाउनलोड करून ठेवा, कारण असा विक्रेता पुढे साइटवर सापडेलच असं नाही.