समोरचं दुकान, मधला रस्ता आणि अमेरिकेत हरकत नोंदवण्याची वेळ

अमेरिकेत मुलांकडे राहायला आलेल्या आई-वडिलांची एक तक्रार बहुतेक घरांत सारखी असते. किराणा दुकान घरातून दिसतं, पण चालत जाता येत नाही. मध्ये पाच पदरी रस्ता, सिग्नल पार अर्ध्या मैलावर, आणि कसंबसं पलीकडे पोचलं तरी दुकानाच्या दारापर्यंत पार्किंगचं भलंमोठं मैदान. ‘इथे चालत कोण जातं?’ असं म्हणून मुलं गाडीची किल्ली उचलतात. वाहतूक आणि भूवापराच्या नियोजनात काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना मात्र ती तक्रार अगदी नेमकी वाटते. रस्त्याची रुंदी, सिग्नलची जागा, पार्किंगचा आकार हे सगळं कुठल्या ना कुठल्या नियमात लिहिलेलं आहे, आणि तो नियम बदलायला लोकांना ठरावीक वेळी वाव असतो. ती वेळ चुकली की सभेत कितीही पोटतिडकीने बोललं तरी उपयोग होत नाही.

आधी जमिनीचं बघू. १९२६ साली सर्वोच्च न्यायालयाने ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात झोनिंग, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधायचं हे नियमाने ठरवणं, वैध ठरवलं. तेव्हापासून घरं एकीकडे, दुकानं दुसरीकडे अशी विभागणी देशभर पसरली. तिच्या जोडीला पार्किंगची सक्ती आली. अनेक शहरांच्या नियमांत दुकानाच्या दर २५० चौरस फुटांमागे एका गाडीची जागा लागते. एक गाडी उभी करायला, वळायच्या वाटेसकट, सुमारे ३२५ चौरस फूट जातात. म्हणजे ४०,००० चौरस फुटांच्या दुकानाला १६० गाड्यांची सोय आणि त्यासाठी ५२,००० चौरस फूट डांबर. दुकानापेक्षा मैदान मोठं! मग दार रस्त्यापासून लांब जातं, बस थांबा आणखी लांब पडतो, आणि चालत येणारा माणूस गाड्यांच्या रांगांमधून वाट काढतो.

बफेलोने २०१७ मध्ये, मिनियापोलिसने २०२१ मध्ये आणि पोर्टलंडने २०२३ मध्ये ही सक्ती शहरभर काढून टाकली. त्याने पार्किंग बंद होत नाही. किती ठेवायचं ते दुकानदार ठरवतो, एवढंच. जिथे सक्ती अजून आहे तिथे निदान तीन गोष्टी मागता येतात: इमारत फुटपाथलगत, पार्किंग मागे किंवा बाजूला, आणि फुटपाथपासून दारापर्यंत सलग पायवाट.

ही मागणी झोनिंग नियमावली दुरुस्त होत असताना करावी लागते. बहुतेक लोक एखाद्या बांधकामाचा आराखडा मंजुरीला आला की जागे होतात. पण तो आराखडा नियमात बसत असेल तर नियोजन मंडळाला तो नाकारायला फारसं कारण उरत नाही. लोक रात्री दहापर्यंत बसतात, तीन-तीन मिनिटं बोलतात, आणि प्रकल्प मंजूर होतो. मंडळ ऐकत नाही असं त्यांना वाटतं. खरं तर तो प्रश्न नियम लिहिताना दोन वर्षांपूर्वीच सुटलेला असतो.

आता रस्ता. बारा फुटांचे पाच पदर म्हणजे ६० फूट. पादचारी सिग्नलची वेळ ठरवताना चालण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला ३.५ फूट धरतात, त्या हिशेबाने १७ सेकंद लागतात. गुडघे दुखणारी व्यक्ती सेकंदाला ३ फूट चालली तर २० सेकंद. चालण्याचं चिन्ह लागताच निघालं तर निभावतं, पाऊल थोडं उशिरा टाकलं की माणूस मधेच अडकतो. जिथे वयस्क मंडळींची नेहमी ये-जा असते तिथे कमी वेग धरायची मुभा राष्ट्रीय मानकांतच आहे. म्हणून नुसतं ‘वेळ वाढवा’ असं न लिहिता ‘या चौकात ज्येष्ठांची वर्दळ आहे, चालण्याचा वेग कमी धरून वेळ पुन्हा मोजा’ असं लिहावं. अशा अर्जाला सिग्नल विभागाकडून उत्तर येण्याची शक्यता कितीतरी जास्त.

नवा सिग्नल मिळवणं अवघड. पादचारी संख्येच्या निकषावर तो हवा असेल तर रस्त्यावर गाड्या भरपूर असूनही ताशी किमान १०७ माणसं, दिवसातले चार तास, रस्ता ओलांडताना दिसावी लागतात. वेगवान रस्त्यावर हा आकडा ७५ पर्यंत उतरतो. पण ओलांडणं धोक्याचं आहे म्हणून कोणी ओलांडत नाही, आणि कोणी ओलांडत नाही म्हणून सिग्नल नाही! अशा ठिकाणी पादचाऱ्याने बटण दाबल्यावरच गाड्या थांबवणारा वेगळा दिवा मागावा. त्याच्या मार्गदर्शक तक्त्यात किमान आकडा ताशी २० आहे.

सर्वांत स्वस्त संधी डांबरीकरणाची. दोन्ही दिशांना दोन-दोन पदर असलेला रस्ता नव्याने डांबरला की पट्टे नाहीतरी पुन्हा मारायचेच असतात. तेव्हाच प्रत्येक दिशेला एक पदर, मध्ये डावीकडे वळणाऱ्यांसाठी सामाईक पदर आणि कडेला सायकलींची जागा अशी मांडणी करता येते. संघीय महामार्ग प्रशासनाच्या माहितीनुसार अशा बदलानंतर अपघात १९ ते ४७ टक्क्यांनी घटले आहेत. दिवसाला २०,००० पर्यंत वाहनं असतील तर हा बदल सहसा झेपतो. वेगही उतरतो, आणि पादचाऱ्याच्या दृष्टीने तोच जिवाचा प्रश्न: ताशी २३ मैलांनी धडक बसली तर मृत्यूची शक्यता सरासरी १० टक्के, ४२ मैलांना ५० टक्के. शिवाय डांबरीकरण झालं की तिथल्या पादचारी ओलांडणीला फुटपाथचे उतार १९९० च्या अपंग हक्क कायद्याप्रमाणे करून द्यावे लागतात, चढ १२ फुटांना एक फूट याहून जास्त नाही. म्हणून शहराची पुढच्या काही वर्षांची डांबरीकरणाची यादी मागवून घ्यावी. आमच्या मते नागरिकांसाठी यापेक्षा उपयोगी कागद दुसरा नाही.

मोठ्या कामांना केंद्राचा पैसा लागतो. ५०,००० हून अधिक वस्तीच्या प्रत्येक नागरी क्षेत्रात महानगर नियोजन संस्था असते. तिचे दोन दस्तऐवज महत्त्वाचे: किमान २० वर्षांचा दीर्घ आराखडा आणि किमान चार वर्षांची कामांची यादी. यादीत नाव नसेल तर केंद्राचा निधी नाही, आणि दीर्घ आराखड्याशी न जुळणारं काम यादीत शिरत नाही. खर्चात साधारण ८० टक्के केंद्राचे, २० टक्के स्थानिक. दोन्ही दस्तऐवजांचे मसुदे लोकांच्या सूचनांसाठी खुले करावेच लागतात. सूचना द्यायला नागरिकत्व किंवा मतदार यादीतलं नाव लागत नाही. व्हिसावर असलेला अभियंता, विद्यार्थी, सहा महिन्यांसाठी आलेली आजी, कुणीही लिहू शकतं. आपली माणसं हे हक्काने करताना फार थोडी दिसतात, याचं वाईट वाटतं.

नियोजनकारांकडूनही चुका होतात. संध्याकाळी सहाची सभा ठेवली की निवृत्त घरमालक येतात. पाळीत काम करणारे, लहान मुलांच्या आया आणि भाडेकरू येत नाहीत. मग ‘लोकांचं मत’ म्हणून एकाच गटाचं मत नोंदलं जातं. त्यावर उपाय म्हणजे बस थांबा, शाळा, धुलाई केंद्र, प्रार्थनास्थळ अशा ठिकाणी आपण जाणं, आणि सभेत दुभाषा व मुलं सांभाळायची सोय ठेवणं. नकाशा टेबलावर पसरण्याआधी लोकांबरोबर चालून यावं. सहा-आठ जणांचा गट, एक मैलाच्या आतली वाट, हातात मोजपट्टी आणि घड्याळ. त्यात एक पांढरी काठी किंवा चाकांची खुर्ची वापरणारी व्यक्ती असायलाच हवी. फुटपाथच्या मधोमध आलेला खांब, बस थांब्याला नसलेलं बाक, सिग्नलच्या बटणाकडे जाणारी चिखलाची वाट या गोष्टी उपग्रह चित्रात दिसत नाहीत.

दुसरी चूक म्हणजे सल्लागाराच्या करारात लोकांशी बोलण्याची तरतूद शेवटी टाकणं. रस्त्याच्या कामाचा आराखडा ३० टक्के तयार असताना पदर, वळणं, थांबे हलवता येतात. ६० टक्क्यांवर पाण्याचा निचरा आणि भूमिगत वाहिन्या ठरून गेल्याने रस्त्याची कड हलवणं महाग पडतं. ९० टक्क्यांवर झाडांची जात बदलते, फार तर बाकांचा रंग. सभेची सूचना आली की पहिला प्रश्न हाच विचारावा: आराखडा किती टक्क्यांवर आहे?