अडीच फुटी भिंतीच्या पोटात

निपाणी भागात पावसाळा सरला की जुन्या घरांवर स्लॅब टाकायची कामं माझ्याकडे येऊ लागतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी घराघरात शिरलं, तेव्हापासून वर एखादी पक्की खोली असावी असं नदीकाठच्या प्रत्येकाला वाटतं. त्यात गैर काहीच नाही. पण ती खोली कशाच्या जिवावर उभी राहणार, हे कुणी तपासत नाही. काळ्या दगडाची जाड भिंत दिसली की माणूस निर्धास्त होतो.

तात्यांचं घरही तसंच. दगडमातीच्या भिंती, सागवानी तुळया, दुपाखी कौलारू छप्पर. “अडीच फुटाची भिंत हाय साहेब. माझ्या आज्यानं बांधलीया. दोन मजले सहज पेलंल,” तात्या म्हणाले. धाकट्या मुलाने पुण्याहून पैसे पाठवले होते, सळीही येऊन पडली होती.

बाहेरून सिमेंटचा गिलावा नवा होता, त्यामुळे भेगा दिसायचा प्रश्नच नव्हता. पण ओळंबा सोडला तर परसाकडच्या भिंतीने मध्यावर चांगलं पोट काढलेलं. आतल्या बाजूने तीच भिंत जवळपास सरळ. बाहेरची बाजू फुगते आणि आतली जागची हलत नाही, याचा अर्थ मला नीट कळत होता, पण तो घरच्यांना दिसायला हवा होता. मेस्त्रींना म्हटलं, आधी तुळयांना टेकू द्या, मग कमरेच्या उंचीवर चार दगड काढा.

मेस्त्री नाराज झाले. “उगं भिंत दुखावायची कशाला?” तरी त्यांनी सांभाळून, सब्बल न मारता, छिन्नीने गिलावा सोडवून दगड काढले. चौथा दगड निघाला तशी आतून कपची आणि कोरडी माती भळाभळा खाली आली, आणि बराच वेळ येतच राहिली. बॅटरी लावून पाहिलं. समोर आतल्या थराची पाठ आणि मधे कोपरापर्यंत हात जाईल एवढी पोकळी. तात्यांनी स्वतः हात घालून पाहिला. मग ते ओट्यावर जाऊन बसले.

अडीच फुटाची भिंत तिथे नव्हतीच. बाहेर एक थर, आत एक थर, मधे भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड आम्हाला त्या भागात एकही सापडला नाही. टाके न घातलेल्या वाकळेसारखे दोन पदर नुसते शेजारी उभे होते. उभं वजन अशी भिंत शंभर वर्षं पेलते, कारण वजन सरळ खाली जातं. भूकंपाचा धक्का मात्र आडवा येतो. भिंत लांबीच्या दिशेने हलली तर दार-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा पडतात, पण ती बराच काळ तग धरते. रुंदीच्या दिशेने हलली की ती कलंडायला बघते. त्यात कोपऱ्यावर शेजारची भिंत सांधमोड करून गुंफलेली नसेल, तर उभी चीर पडून दोन्ही सुट्या होतात. मधली भर प्रत्येक हिसक्याला खाली बसते आणि पाचरीसारखी दोन्ही थरांना बाहेर ढकलते. बाहेरचा थर अंगणात पडतो आणि आतला माणसांवर.

किल्लारीत 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे हेच झालं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, माणसं झोपेत, वेळ 3 वाजून 56 मिनिटं. तिथल्या भिंती तात्यांच्या भिंतीपेक्षाही जाड होत्या आणि डोक्यावर मातीचं जड माळवद होतं. कित्येक घरांत लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचे सांगाडे, उभे राहिले आणि त्यांच्याभोवतीच्या भिंती तेवढ्या ढासळल्या. हे सांगत होतो तेव्हा आक्का आतून म्हणाल्या, “कोयनेच्या टायमाला आमच्या माहेरात उतरंडी पडल्या हुत्या, पाटंचंच.” कोयनेचा भूकंप, 1967 चा डिसेंबर. त्यांना तारीख आठवत नव्हती, थंडी आठवत होती.

धाकट्याला फोन लावला. “आपल्याकडं कुठं भूकंप होतो?” त्याने विचारलं. हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. किल्लारी भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात, म्हणजे झोन 1 मध्ये होती. आपलं बेळगाव भूकंपाच्या 2016 च्या मानकात त्याहून जास्त धोक्याच्या झोन 3 मध्ये आहे. आणि धक्क्याचं बळ घराच्या वजनाबरोबर वाढतं. कौलं, रिपा, वासे धरून चौरस मीटरला 100 किलोच्या आत भार होतो. पाच इंची स्लॅबचा 300 च्या वर, आणि त्यावर अजून एक मजला. एवढं ओझं न शिवलेल्या भिंतीच्या माथ्यावर ठेवणाऱ्या नकाशावर मी सही करणार नाही, असं त्याला स्पष्ट सांगितलं. तो चिडला. तात्या काही बोलले नाहीत.

संध्याकाळपर्यंत एवढं ठरलं. छप्पर कौलारूच राहील. पोट आलेला भाग उतरवून पुन्हा बांधायचा, त्यात दर दोन फूट उंचीला आणि आडवं जास्तीत जास्त चार फुटांवर भिंतीच्या रुंदीएवढा एक दगड. एवढे लांब दगड खाणीत आता मिळत नाहीत, तेव्हा मेस्त्री ते काँक्रीटचे जागेवरच ओतणार. बाकीच्या भिंतीत साधारण मीटर-मीटरवर आरपार भोक घेऊन आकडा वळवलेली सळी आणि काँक्रीट. दारांच्या वर आतून-बाहेरून जाळी आणि सिमेंटचा पट्टा, चारही कोपऱ्यांवरून सलग फिरवलेला, कुठेही न तोडता. वासे भिंतमाथ्याच्या लाकडाला आणि ते लाकूड भिंतीला जखडायचं. पुरासाठी हवी ती वरची खोली परसात, स्वतःच्या खांबांवर, जुन्या भिंतीला न चिकटवता. आणलेली सळी तिथे कामी येईल.

धाकटा अजून राजी नाही. दिवाळीला येऊन स्वतः बघतो म्हणाला. मेस्त्रींना सांगितलंय, टेकू काढू नका आणि ते भोकही बुजवू नका. त्याला हात घालून बघू दे.