दोन महिन्यांच्या पोरीनं काय पाप केलं?

धाकटीच्या स्नानसंस्काराला, म्हणजे बाप्तिस्म्याला, ऑफिसातली मंडळी वसईला आली होती. आदिपापापासून (म्हणजे पहिला माणूस आदाम याच्यापासून सगळ्यांच्या वाट्याला येणाऱ्या पापापासून) या बाळाला मुक्त कर, अशी फादरांची प्रार्थना त्यातल्या एकानं कान देऊन ऐकली आणि जेवताना मला गाठलं. "दोन महिन्यांच्या पोरीनं काय पाप केलं हो?" तेव्हापासून वर्षा-दोन वर्षांत कुणी ना कुणी हे विचारतंच. परवा तुम्हीही विचारलंत. जेवणाच्या पंगतीत याचं उत्तर होत नाही, म्हणून लिहितोय.

तिनं काहीच केलेलं नाही, आणि चर्चही तसंच म्हणतं. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या 1992 च्या ग्रंथात स्पष्ट लिहिलंय की आदामाच्या वंशजांचा यात वैयक्तिक दोष नाही. हे पाप 'केलेलं' नाही, वाट्याला आलेलं आहे. मग त्याला पाप कशाला म्हणायचं, असं तुम्ही म्हणाल, आणि ते रास्तच आहे.

आमच्या भागात खाडीलगत भातशेती असायची. समजा, पणजोबांच्या हलगर्जीपणानं बांध फुटला आणि भरतीचं पाणी शेतात शिरलं. जमीन खारावली. पणतू जन्मतो तो त्याच जमिनीचा मालक म्हणून. बांध त्यानं फोडला नाही, पण भात त्याच्याही हाताला येत नाही. बायबलातल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आदाम आणि त्याची बायको देवानं मना केलेलं फळ सापाच्या सांगण्यावरून खातात, ती गोष्ट मला अशीच वाचता येते. (सफरचंदाचा तिथं उल्लेखही नाही, नुसतं 'फळ' आहे.) फळ खाल्ल्यावर लगेच काय होतं बघा. दोघं लपतात. मग आदाम बायकोकडे बोट दाखवतो, बायको सापाकडे. घाम, काटेकुसळं, बाळंतवेणा, मरण हे सगळं त्यानंतर येतं. माझ्या घरात फुलदाणी फुटली की पहिल्या मिनिटाला नेमकं हेच घडतं, आणि ते पोरांना कुणी शिकवलेलं नसतं.

पण हा हिशोब पुढे खाऱ्या जमिनीपुरता राहिला नाही, तो सातबाऱ्यावर चढला. हे काम मुख्यतः संत ऑगस्टीनचं. हा उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावचा बिशप, इ. स. 430 मध्ये वारला. बायबलात प्रेषित पौलानं रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात एक वाक्य आहे. मूळ ग्रीकचा सरळ अर्थ, मरण सर्वांवर आलं 'कारण सर्वांनी पाप केलं'. ऑगस्टीनच्या हाती असलेल्या लॅटिन भाषांतरात ते झालं 'ज्याच्यात सर्वांनी पाप केलं'. त्याचं ग्रीक बेताचंच होतं. त्यानं अर्थ लावला की आदामात आपण सगळेच होतो, म्हणून अपराधही सगळ्यांचा. म्हणजे कर्ज पणजोबांचं आणि बोजा पणतूच्या नावावर. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनं हे कधीच मानलं नाही. आदामाकडून मरण आणि दुबळेपणा आला, अपराध नाही, असं ते म्हणतात. मी कॅथलिक असलो तरी इथं मन त्यांच्याकडे झुकतं.

तरीही ऑगस्टीनला मी मोडीत काढत नाही. त्यानं एक तान्हं मूल पाहिलं होतं, अजून बोलताही न येणारं. आपल्याबरोबर दूध पिणाऱ्या दुसऱ्या बाळाकडे ते पांढरंफटक पडून, रागानं बघत होतं. धाकटी झाली तेव्हा आमचा थोरला तिच्याकडे तसाच बघायचा. माणूस निर्मळ जन्मतो आणि समाज त्याला बिघडवतो, असं कुणी म्हटलं की मला ती नजर आठवते.

आमच्या शेजारच्या काकू मला म्हणायच्या, "तुमच्यात, बाई, माणसाला जन्मापासूनच पापी ठरवतात." त्याच काकू रोज प्रदक्षिणा घालताना 'पापोऽहं पापकर्माहं पापात्मा पापसंभवः' म्हणतात. एकदा मी हळूच त्याचा अर्थ विचारला. हसल्या, आणि हातावर खडीसाखर ठेवली.

या शिकवणीपायी खरं सोसलं ते माझ्या आजीनं. तिचं पहिलं मूल दुसऱ्या दिवशीच गेलं, स्नानसंस्काराआधी. त्या काळच्या नियमानं अशा बाळाला दफनभूमीत जागा नव्हती. आजोबांनी त्याला कंपाउंडच्या भिंतीबाहेर पुरलं. ते लिंबोत गेलं, असं तिला सांगण्यात आलं. लिंबो म्हणजे जिथं यातना नाहीत, पण देवाचं दर्शनही नाही. गरज पडली तर कुणीही, अगदी ख्रिस्ती नसलेलं माणूसही, डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतं, हे तिला नंतर कळलं. मग तिनं गावच्या सुईणीला, ती हिंदू होती, ते शब्द तोंडपाठ करायला लावले. 'पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने.' उशाशी पाण्याचा तांब्या ठेवल्याशिवाय आमच्या घरात नंतर एकही बाळंतपण झालं नाही.

2007 मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाचा अहवाल आला. लिंबो हा श्रद्धेचा सिद्धांत नव्हे, अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असं त्यात होतं. आजी तेव्हा नव्वदीला टेकली होती. मी पेपरातली बातमी तिला मोठ्यानं वाचून दाखवली. तिनं ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाली, "म्हणजे आता त्याला भिंतीच्या आत घेतील?"