अळूवरचं पाणी, खिडकीतला कोळी आणि गेलेली लाइट

रविवार, रात्री उशिरा. साताऱ्यात पाऊस चालूच आहे.

एकदाचा कॅमेरा घेतला. मिररलेस (आत आरसा नसलेला), एपीएस-सी म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरवाला; सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण मग कॅनन का नाही, सोनी का नाही यावरच चर्चा होणार आणि मला ती नकोय. सोबत किट लेन्स होतीच, वर ५० एमएम एफ/१.८ वेगळी घेतली (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड आत जास्त). खरी मॅक्रो लेन्स (बारीक गोष्टी जवळून मोठ्या टिपणारी) मनात होती पण तिची किंमत बघून गप्प बसले आणि एक्स्टेन्शन ट्यूब मागवल्या. ट्यूब म्हणजे अक्षरशः पोकळ नळ्या, आत काच नाही काही नाही, एक १० मिलिमीटरची आणि एक १६ ची. लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसवायच्या, लेन्स सेन्सरपासून लांब गेली की जवळचं फोकस व्हायला लागतं, एवढंच त्यातलं शास्त्र. कुणाला घ्यायच्या असतील तर पिनावाल्याच घ्या, त्या पिनांमधून लेन्स आणि बॉडी एकमेकांशी बोलतात, बिनपिनांच्या स्वस्त असतात पण आजकालच्या लेन्सचं ॲपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) मग बॉडीवरून बदलताच येत नाही.

दोन्ही ट्यूब लावून पहिला मोर्चा परसातल्या अळूकडं. अळूच्या पानावर पाणी टिकत नाही हे सगळ्यांनाच माहितीये, पानावर मेणाचा थर आणि डोळ्याला न दिसणारे बारीक उंचवटे असतात म्हणून थेंब पसरत नाही, गोळा होऊन फिरत राहतो. पण त्या थेंबात काय काय असतं ते आज बघितलं. आमच्या मागच्या घराची कौलं, तारा, नारळ, सगळं उलटं, एवढुशा गोळ्यात. थेंब स्वतःच लेन्स होतो ना. मजा म्हणजे फोकस थेंबाच्या कडेवर केला की आतलं घर धूसर आणि आतलं घर पकडलं की कड गेली, कारण या अंतरावर फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम एक मिलिमीटरचा. एफ/८ ठेवूनसुद्धा, म्हणजे छिद्र बरंच बारीक करूनसुद्धा. श्वास घेतला तरी फोटो हलतो. ऑटोफोकस तर नुसता पुढं मागं धावत बसतो, त्यापेक्षा तो बंद करून मॅन्युअलवर टाकायचा आणि कॅमेऱ्यासकट स्वतःच केसभर पुढं मागं झुलायचं, पीकिंगच्या (फोकसमध्ये आलेल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी सोय) लाल रेषा पाहिजे तिथं आल्या की बटण. आई (सासूबाई) मागच्या दारातून, "अगं किती वेळ त्या अळूपुढं वाकून बसलीयस, चहा पार गार झाला, आणि पानं काढून आण येताना, वड्या करते." फोटोतली पानं सोडून बाकीची काढली.

आता खरं गणित सांगते, कारण मला आज हेच सगळ्यात भारी वाटलं. क्लोज-अप आणि कमी उजेड असे दोन वेगळे विषय समजून मी बसले होते, दिवसा क्लोज-अप, रात्री लो-लाइट, असा प्लॅनच होता. पण ट्यूब लावली की लेन्समधून येणारा प्रकाश जास्त जागेवर पसरतो, म्हणजे सेन्सरला कमी मिळतो. माझ्या ५० एमएमला २६ मिलिमीटरच्या ट्यूब लावून साधारण ०.७ पट मोठेपणा येतो, आणि मग एफ/८ लावलं तरी उजेड आत जातो तो एफ/१३-१४ इतकाच, जवळपास एक तृतीयांश. त्यात हात हलतो म्हणून शटर १/२०० सेकंद पाहिजे. त्यात आपला आषाढ, चार वाजता संध्याकाळ. म्हणजे पगार तेवढाच आणि खर्चाच्या वाटा तीन. भर दुपारी परसात आयएसओ (उजेड कमी असला की फोटो उजळ करायला वाढवायचा आकडा) ३२०० वर गेला! लोक लो-लाइट म्हणलं की चांदण्या दाखवतात, मला तर अळूच्या पानाखालीच अंधार सापडला.

आयएसओ ३२०० ला दाणे दिसतातच, झूम केलं की गर्द हिरव्या भागात दिसतात. पण ते काही कॅमेऱ्याचं एकट्याचं पाप नाही, मुळात प्रकाशच मोजका पडला की तो सगळ्या पिक्सेलवर सारखा पडत नाही, ते वरखाली दाण्यांसारखं दिसतं. मला चालतं. रॉमध्ये (कॅमेऱ्यानं न सजवलेली कच्ची फाइल) काढून कॉम्प्युटरवर थोडा नॉइज, म्हणजे हेच दाणे, कमी केला, जास्त केला की पान प्लॅस्टिकचं दिसायला लागतं, म्हणून थोडाच.

दुपारनंतर खिडकीच्या जाळीवर उड्या मारणारा छोटा कोळी सापडला, घरोघरी असतो तो, जाळं न विणणारा. आठ डोळे, त्यातले समोरचे दोन बटणासारखे मोठे. याच्यासाठी उजेड विकत घ्यायचं ठरवलं, म्हणजे टॉर्च. सरळ मारला तर डोळ्यात नुसता पांढरा ठिपका येतो आणि बाकी अंगावर कडक सावल्या, म्हणून टॉर्चपुढं टिश्यू पेपर दुहेरी घडी करून रबरबँडनं लावला आणि दुसऱ्या बाजूला मिक्सरच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा उजेड परतवायला उभा केला. एकदम फरक! केसन् केस सुटा, आयएसओ ८०० वर. आणि एक गंमत, कोळी जागचा हलला नव्हता पण एका फ्रेममध्ये डोळा काळाभोर आणि दुसऱ्यात फिकट तपकिरी. यांच्या मोठ्या डोळ्यांची बुबुळं बाहेरून हलत नाहीत, आतला पडदाच इकडं तिकडं सरकतो, तो सरकला की बाहेरून रंग बदललेला दिसतो. म्हणजे तो माझ्याकडं बघत होता, मग दुसरीकडं बघायला लागला, आणि ते फोटोत आलं. नवऱ्याला दाखवलं तर म्हणला, "ते ठीक आहे, पण कोळी आता कुठाय?" कुठाय माहीत नाही.

संध्याकाळी हॉलमध्ये सायलेंट शटर लावून बघितलं तर सगळ्या फोटोत आडवे पट्टे. घाबरायचं नाही, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं बरेच एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, सायलेंट शटर सेन्सर ओळीओळीनं वाचतं म्हणून ते पट्ट्यात पकडलं जातं. मेकॅनिकल शटर (खरा पडदा हलणारं) आणि १/१०० सेकंद ठेवलं की गेलं.

आणि मग लाइटच गेली. इन्व्हर्टरच्या बॅटरीनं कधीच मान टाकलीय, मेणबत्ती वेळेवर सापडत नाही, तर आईंनी देवघरातली समई पाचही वाती लावून हॉलमध्ये आणून ठेवली आणि शेजारी बसून अळूच्या देठांची सालं काढायला लागल्या. ट्यूब काढल्या, नुसती ५० एमएम. एफ/१.८, १/८०, आयएसओ ३२००. कॅमेरा आपणहून जे एक्स्पोजर घेतो त्यात ज्योती पांढऱ्या फटक होतात, कारण बाकीची खोली अंधारी बघून तो सगळंच उजळवायला जातो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड कमीजास्त करायची सोय) उणे दीडच्या आसपास आणलं तेव्हा ज्योतीला ज्योतीचा आकार आला. ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग आपोआप पांढऱ्याकडं आणणारी सोय) पिवळा रंग खाऊन टाकतो, ज्योतीचा उजेड साधारण १९०० केल्विनचा (आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा-तांबूस), तो पुसून खोली ऑफिससारखी दिसते. मी डेलाइटवर (दिवसाच्या उजेडाच्या सेटिंगवर) ठेवलं तर सगळं भगवं झालं, मग ३००० च्या खालीवर करत बसले, २८०० ला आईंच्या चेहऱ्याचा रंग चेहऱ्यासारखा आला.

मुद्दाम फोनवर पण काढला. फोनचा नाइट मोड भराभर बऱ्याच फ्रेम घेऊन एकत्र करतो, हुशार प्रकार आहे, नाकारत नाही. पण त्यात मागचं कपाट दिसलं, सोफा दिसला, कॅलेंडरवरची तारीखसुद्धा वाचता आली. लाइट गेलीय हे कुठंच नाही! कॅमेऱ्यातल्या फोटोत आईंचा अर्धा चेहरा, हात, देठ आणि समई, बाकी काळं. मला हाच आवडला. अंधारातला फोटो काढायचा आणि अंधारच घालवून टाकायचा याला काय अर्थ.

आईंचं मत वेगळं. "इतक्या सुरकुत्या कशाला काढल्यास? तो फोनवरचा बरा आलाय, तोच पाठव." त्यांच्या बहिणींच्या ग्रुपवर तोच गेला.

सप्टेंबरात इथं जवळच कास पठारावर जायचंय, दवबिंदू नावाच्या किडे खाणाऱ्या छोट्या झाडासाठी. त्या झाडाच्या लालसर केसांच्या टोकाला चिकट थेंब असतो आणि किडा त्यावर बसला की अडकला, तो थेंब या ट्यूबमधून कसा दिसेल हे सारखं डोक्यात आहे. पाऊलवाट सोडून जांभ्याच्या खडकावर पाय टाकायचा नाही, त्यामुळं वाटेच्या कडेला मिळेल तेच, आणि धुकं असणारच, म्हणजे परत आयएसओ ३२००.

तोपर्यंत पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून हवाबंद डबा केलाय, त्यात सिलिका जेल. निळे गोळे गुलाबी झाले की तापवून परत निळे होतात, पण निळ्या रंगासाठी त्यात कोबाल्ट घालतात म्हणे, स्वयंपाकाच्या तव्यावर नको. जुना तवा मागितला तर आईंनी माळ्यावर शोध म्हणून सांगितलंय. उद्या बघते.