सांदवाडीत (घरामागच्या परसात) पाहुण्यांना पाखरं दाखवायची असतील तर

सुरुवात पाण्यापासून करा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पाणी असेल तिथे पाखरं येतातच. मातीचं पसरट परळ घ्या, पाणी जास्तीत जास्त 2 इंच, मधोमध खडबडीत दगड. स्टीलचं भांडं नको, दुपारी चटके बसतात. जागा सावलीतली, पण झुडपापासून 6-7 फूट लांब, नाहीतर मांजर तिथंच दबा धरून बसते. परळ रोज घासा. आठवडाभर तेच पाणी राहिलं तर डास होतात.

फुलपाखरांसाठी नुसती फुलं पुरत नाहीत, अळ्यांना खायला झाड लागतं. कढीपत्ता, लिंबू, कुंपणाला रुई. कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर झटकू नका, ती बहुधा फुलपाखराची अळी असते. पानं कुरतडलेली दिसणारच, फवारणी मात्र अजिबात नाही. घाणेरी लावू नका. फुलपाखरं येतात खरी, पण ती रानभर पसरते.

पाहुण्यांची बाज परळापासून 15 फुटांवर, ऊन पाठीशी येईल अशी टाका. लाकडांचा ढीग पायवाटेपासून लांब ठेवा, त्यात साप-विंचू असतात.