तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं कंपनीच खाते, मग फुकट उतरवलं तर काय बिघडलं?

कार्यक्रम संपतो, मी तबल्यावर गवसणी चढवत असतो आणि कुणीतरी प्रेमाने जवळ येऊन सांगतं, "तुमचा तो भक्तिगीतांचा अल्बम मी फुकट उतरवून घेतलाय, रोज सकाळी ऐकते. चालतं ना? नाहीतरी तुम्हाला कुठे काही मिळतं, सगळं कंपनीच खाते." मागच्या महिन्यात नाशिकला एका काकूंनी हेच विचारलं. तेव्हा गाडी गाठायची होती, म्हणून उत्तर आता देतो.

आधी माझं सांगतो. १९८८ च्या सुमारास सांगलीत माझ्या मामाचं कॅसेटचं दुकान होतं. विकायच्या कॅसेट फळीवर असायच्या, पण चालायचा तो धंदा भरून देण्याचा. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी आणायचं, सोबत नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट, आणि संध्याकाळपर्यंत मी ती डेकवर भरून ठेवायचो. लेबलवर बारीक अक्षरात मुखडा, पुढे गायकाचं नाव. संगीतकाराचं नाव क्वचित, कवीचं कधीच नाही. जागा नसायची आणि कुणी मागायचंही नाही. पुढे कॅसेट गेली, मेमरी कार्ड आलं, आणि फाइलवर संगीतकाराच्या जागी ती फुकट वाटणाऱ्या वेबसाइटचं नाव झळकू लागलं. मी लेबलवर जे करत होतो तेच हे, हे मला फार उशिरा कळलं.

गाण्यावर एकच मालकी नसते. शब्दांवर कवीचा हक्क, चालीवर संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणावर ते करणाऱ्याचा, म्हणजे बहुतेक वेळा कंपनीचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. शब्दांचा आणि चालीचा, ज्याने त्याने रचलं तो गेल्यावर ६० वर्षांनी. कवी गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. संगीतकार बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, २००२ साली गेले. त्यांच्या चालींवरचा २०६२ अखेरपर्यंत. तबकडी कितीही जुनी असली तरी "आता ते सगळ्यांचं झालं" असं म्हणता येत नाही.

आता काकूंचा मुद्दा. तो खोटा नाही. गदिमा गेले त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की वेगळा करार नसेल तर चित्रपटासाठी पैसे देऊन करून घेतलेल्या संगीताचा मालक निर्माता. एकदा मानधन घेतलं की कवी-संगीतकाराचा संबंध संपला. त्याआधी साठच्या दशकात लताबाईंनी गायकांसाठी रॉयल्टी, म्हणजे गाण्याच्या पुढच्या कमाईतला वाटा, मागितली होती. रफीसाहेबांचं मत होतं की मेहनताना मिळाला की गायकाचा हिशेब पुरा झाला. त्यावरून ती दोघं काही वर्षं एकत्र गायली नाहीत. मला लताबाईंचं म्हणणं पटतं. गाणं पन्नास वर्षं कमावतं आणि गाणाऱ्याची कमाई एका दुपारची, याला मी हिशेब म्हणणार नाही.

हे बदललं २०१२ मध्ये. कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले. तेव्हापासून कवी आणि संगीतकार यांनी मालकी कंपनीला लिहून दिली तरी रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा त्यांचाच राहतो. तो कंपनीला लिहून देताच येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. गरजेपोटी माणूस कुठल्याही कागदावर सही करतो, हे कायद्याने त्या दिवशी ओळखलं. आयपीआरएस ही कवी-संगीतकारांची संस्था १९६९ पासून आहे. कोणतं गाणं कुठे वाजलं याच्या नोंदींवरून ती पैसे वाटते. फुकट उतरवलेली फाइल तुम्ही हजार वेळा ऐका, ती कुठल्याच नोंदीत येत नाही.

तो भक्तिगीतांचा अल्बम मी तीन दिवस वाजवला. ठरलेली बिदागी मिळाली. कंपनीने पुढे केलेल्या कागदावर मी न वाचता सही केली. त्यानंतर मला काही आलेलं नाही. तेव्हा काकू, तुम्ही माझ्या खिशातून काही नेलं नाहीत. पण त्यातली सहा गाणी एका निवृत्त शिक्षकांनी लिहिली आहेत. रॉयल्टी जमा झाली की ते मला फोन करतात. एकदा ऐकण्याचे मिळतात ते रुपयांत नाही, पैशांत मोजावे असे, त्यामुळे रक्कम लहानच असते. पण ते तो कागद फाइलला लावतात, आकडा वाचून दाखवतात आणि विचारतात, "म्हणजे अजून लोक ऐकतात ना?" तुम्ही रोज सकाळी ऐकता, पण त्यांच्या त्या कागदावर तुमची सकाळ नाही.

राहिली ती कुठेच विकत न मिळणारी रेकॉर्डिंग. घरगुती बैठकीच्या टेपा माझ्याकडे आहेत. कुणी शिकणारा मागायला आला तर मी आधी त्या कलावंताला विचारतो. तो हयात नसेल तर घरच्यांना. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. एका घरी मात्र मुलीने सांगितलं, "त्या रात्री बाबांचा आवाज बसला होता. ते आम्हाला कुणाला ऐकवायचं नाही." ती टेप माझ्या कपाटात आहे. मी ती कुणालाही भरून देत नाही.