काटोल ते नागपूर : आजोबांच्या दुनळीसाठी योग्य काडतुसांचा शोध

आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांची सत्तरी पूर्ण झाल्यावर रीतसर अर्ज करून माझ्या परवान्यावर आलेली आमची दुनळी इतर दुनळींसारखी नाही. तिची वरची नळी बारा बोअरची, छर्ऱ्यांसाठी गुळगुळीत आहे आणि खालची नळी आतून वळणदार आट्यांची, म्हणजे रायफलची आहे. अशा बंदुका जर्मनीत आणि ऑस्ट्रियात मोठ्या संख्येने बनत असत. परवान्यावर तिची नोंद ‘12 बोअर व 8 मिमी’ एवढीच आहे, आणि आमच्या घरात दोन पिढ्या ती नोंद पुरेशी मानली गेली. ती पुरेशी नाही, हे मला जानेवारीत नागपूरला केलेल्या दोन दिवसांच्या फेरीत कळले. अशीच वारशाने आलेली बंदूक घेऊन नागपूरला येणाऱ्यांसाठी हा वृत्तांत तपशिलाने लिहीत आहे.

काटोलहून नागपूर सुमारे साठ किलोमीटर आहे. मी एसटीने न जाता स्वतःच्या गाडीने गेलो. बंदूक उघडून, नळ्या आणि दस्ता वेगळे करून कुलूपबंद पेटीत ठेवली होती आणि मूळ परवाना खिशात होता. निघण्यापूर्वी परवान्याची मुदत, त्याचे क्षेत्र आणि वर्षाला किती काडतुसे घेता येतात व एका वेळी किती बाळगता येतात, हे तिन्ही रकाने वाचून घ्यावेत, कारण विक्रेता त्यांच्याबाहेर एकही काडतूस देऊ शकत नाही. शहरातील परवान्यांचे काम पोलीस आयुक्तालयाकडे आणि ग्रामीण भागाचे जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, त्यामुळे नोंदीत दुरुस्ती हवी असल्यास कोणत्या दारी जायचे ते आधी ठरवावे. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन भरते तेव्हा सिव्हिल लाइन्स भागात रस्ते बंद असतात आणि बंदोबस्त कडक असतो. त्या दिवसांत शस्त्र घेऊन शहरात येणे टाळावे. निवडणुकीच्या काळात तर शस्त्रे जमा करण्याचे आदेशच निघतात.

पहिला दिवस एका जुन्या कारागिराकडे गेला. त्यांनी बंदूक हातात घेताच ती रिकामी असल्याची स्वतः खात्री केली, नळ्या काढल्या आणि खालच्या बाजूच्या प्रूफच्या, म्हणजे नळीची दाबचाचणी झाल्याच्या, खुणा भिंगाखाली पाहिल्या. मुकुटाखालचे ‘एन’ हे अक्षर दिसल्यावर ते समाधानाने म्हणाले, “ही धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे. ही खूण नसती तर मी तुम्हाला इथूनच परत पाठवलं असतं.” नंतर त्यांनी वरच्या नळीच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या जागेत, मापपट्टी सरकवली. ती 65 मिलिमीटरवर अडली. मी गेली काही वर्षे तालुक्याच्या ठिकाणी एका विक्रेत्याने “चालून जाते” म्हणून दिलेली 70 मिलिमीटरची काडतुसे त्यात घालत होतो.

हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. काडतुसावर छापलेली लांबी ही बार उडाल्यानंतर तोंड उघडलेल्या नळकांड्याची असते. तोंड दुमडलेले 70 मिलिमीटरचे काडतूस जेमतेम 58–59 मिलिमीटर भरते, त्यामुळे ते 65 च्या चेंबरमध्ये अलगद बसते आणि बंदूकही नीट बंद होते. मात्र बार उडताना उघडणारे तोंड चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात शिरते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. कारागीर काकांनी माझे एक वापरलेले नळकांडे उजेडात धरले. त्याच्या कडेला चिरा पडून झालर लोंबत होती. “भाऊ, काडतूस आत बसलं म्हणजे ते चाललं, असं होत नाई,” ते म्हणाले. ते नळकांडे मी आता बंदुकीच्या पेटीतच ठेवले आहे.

खालच्या नळीची गोष्ट अधिक गंभीर निघाली. ‘8 मिमी’ या एका नावाखाली अनेक काडतुसे येतात. आपल्याकडे सर्वांत परिचित असलेले .315 हे आठ मिलिमीटरचेच आहे, पण त्याचे केस, म्हणजे दारू भरलेले धातूचे नळकांडे, 50 मिलिमीटरचे आहे. जर्मन केस 57 मिलिमीटरचे असते, आणि त्यातही बुडाशी बाहेर आलेली कडा असलेले व कडा नसलेले असे दोन प्रकार आहेत. मधोमध मोडून उघडणाऱ्या बंदुकीला सहसा कडेचे काडतूस लागते, कारण ती कडाच ते जागेवर धरून ठेवते. एवढ्यावरही थांबता येत नाही. जर्मन सैन्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोळीचा व्यास 8.07 वरून 8.20 मिलिमीटरवर नेला, पण शिकारी बंदुका पुढेही दोन्ही मापांत बनत राहिल्या. जाड गोळीच्या काडतुसाच्या नावात ‘एस’ हे अक्षर असते. काकांनी तेल लावलेल्या नळीतून मऊ शिशाचा गोळा लाकडी दांड्याने हळूहळू पुढे ढकलला आणि बाहेर आलेल्या शिशावरच्या आट्यांच्या उंच कडांवर मायक्रोमीटर लावला. माप 8.07 आले. चेंबरचा साचा काढला तेव्हा 57 मिलिमीटरचे कडेचे केस निश्चित झाले. म्हणजे आमच्या नळीला ‘एस’ नसलेले, कडेचे 8×57 हवे. फरक 0.13 मिलिमीटरचा, डोळ्याला न दिसणारा आहे, पण अरुंद नळीत जाड आणि जोरदार गोळी डागणे हे नळी आणि डोळे दोन्ही पणाला लावणे आहे.

दुसऱ्या दिवशी शहरातील तीन दुकाने पालथी घातली. 65 मिलिमीटरची बारा बोअरची काडतुसे तिसऱ्या दुकानात मिळाली. छर्रे शिशाचेच घ्यावेत. पोलादी छर्रे जुन्या, तोंडाशी आवळलेल्या नळीला इजा करतात. त्याच कारणाने सबंध गोल गोळीचे काडतूस अशा नळीत घालू नये. वजनाने 28 ग्रॅम छर्ऱ्यांचा बार मला पुरेसा वाटतो. घरात वीस बोअरची बंदूकही असेल तर दोन्ही काडतुसे एका पिशवीत कधीही ठेवू नयेत, कारण वीसचे काडतूस बारीक असल्याने बाराच्या नळीत घसरून पुढे अडकते आणि मागून बाराचे घालून उडवले की नळी फुटते.

खालच्या नळीचे काडतूस मात्र मिळाले नाही. एका दुकानात ‘एस’चे खोके पुढे करण्यात आले, ते मी परत केले. घरी काडतूस भरण्याचा सल्लाही एकाने दिला, पण परवान्याशिवाय ते बेकायदेशीर आहे आणि अंदाजाने दारू भरणे त्याहून वाईट आहे.

दुपारी परिचितांच्या ओळखीने रेंजवर 30 इंचांचे वर्तुळ काढलेले कागद 40 यार्डांवर लावून वरची नळी तपासली. फुल चोकच्या, म्हणजे तोंडाशी पूर्ण आवळलेल्या, नळीने साधारण 70 टक्के छर्रे या वर्तुळात टाकावेत, असा निकष आहे. नव्या काडतुसांनी पाचही कागदांवर घोळका सारखा पडला, केंद्र नेमापेक्षा वीतभर वर होते आणि धक्का पूर्वीपेक्षा स्पष्टपणे सौम्य होता. दोन बारांमध्ये नळी गार होऊ द्यावी, कारण या बंदुकांच्या दोन नळ्या एकमेकींना डाख देऊन जोडलेल्या असतात आणि एक तापली की दुसरीचा नेम सरकतो.

उन्हाळ्यात येणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या वर जातो आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी अधिक उष्णता असते. तापलेल्या दारूचा दाब वाढतो, म्हणून काडतुसे गाडीत ठेवून जेवायला जाऊ नये. रानडुकरांनी संत्र्याची आणि तुरीची नासाडी केली तरी वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय बंदूक बाहेर काढू नये, हेही आमच्या भागातील शेतकऱ्यांना सांगणे मला आवश्यक वाटते.

कारागीर काकांनी लिहून दिलेली मापे मी परवान्याच्या प्रतीला जोडली आहेत आणि नोंद दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. खालच्या नळीच्या चापाला ‘8×57, कडेचे, 8.07, एस नाही’ अशी चिठ्ठी दोऱ्याने बांधली आहे. ते काडतूस मिळेपर्यंत ती नळी रिकामीच राहील.